जुनी लाईन बंद करून बघा! (आयपीव्ही६, आपलं शहर आणि चाळीस वर्षांपूर्वीचा एक धडा)

ही पोस्ट तुम्ही मोबाईल डेटावर वाचत असाल, तर दाट शक्यता आहे की ती तुमच्यापर्यंत इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवरून, म्हणजे आयपीव्ही६ वरून आली आहे. तुम्हाला ते कळलं नसेल. कळू नये अशीच ती व्यवस्था केलेली आहे, आणि घोळ नेमका तिथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय तांत्रिक वाटेल, पण छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला पाण्याच्या लाईनी कळतात, त्यामुळे हेही कळेल.

आपल्याकडे जायकवाडीवरून पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या लाईनी, आणि २५०० मिलिमीटरच्या लाईनची नवी योजना. समजा दोन्हींचं पाणी एकाच टाकीत पडतंय आणि तुमच्या नळाला पाणी आलं. ते कोणत्या लाईनचं? नळाकडे बघून सांगता येणार नाही. नवी लाईन खरंच शेवटच्या गल्लीपर्यंत पोचली का, हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. जुनीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करायचा आणि कोणाकोणाच्या नळाला पाणी येतं ते बघायचं. बाकी सगळं उद्घाटनाचं भाषण.

इंटरनेटवालेही हा धडा शिकले. फार पूर्वी शिकले आणि मग मध्येच विसरले.

१९८२ : दोन वेळा व्हॉल्व्ह बंद

आजच्या इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं आर्पानेट. त्यावर सुरुवातीला एनसीपी नावाची भाषा चालायची. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये नव्या पद्धतीचा आराखडा मांडला, त्यातून पुढे टीसीपी/आयपी तयार झालं. नोव्हेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी बदलाचा कार्यक्रम लिहून जाहीर केला. १९८२ हे वर्षभर दोन्ही भाषा चालतील, १ जानेवारी १९८३ ला जुनी बंद.

आता सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. वर्ष निम्मं सरलं तरी बरेच जण हललेच नव्हते. जुनं चालतंय ना, मग घाई काय? तेव्हा आर्पानेटच्या मंडळींनी एक साधा उपाय केला. १९८२ च्या मध्यात एक दिवस जुनी भाषा बंदच करून टाकली. ज्यांनी तयारी केली होती त्यांचं काम चालू राहिलं, बाकीच्यांचे फोन खणखणले. त्याच वर्षी पुन्हा दोन दिवस बंद केली. आता मात्र लोकांना कळलं की हे खरंच होणार आहे. १ जानेवारी १९८३ ला बदल झाला. तरीही काही ठिकाणी महिनोन्‌महिने निस्तरणं चालू होतं, आणि 'मी टीसीपी/आयपीच्या बदलातून वाचलो' असे बिल्ले छापून लोकांनी मिरवले.

तेव्हा जाळ्यावर काहीशे संगणक होते म्हणून हे जमलं. पुढच्या वेळी तसं जमणार नव्हतं.

पत्ते संपले कसे?

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास. ३२ बिटांचा हा निर्णय १९७७ चा. तेव्हा आपण एक प्रयोग करतोय, उद्या साऱ्या जगाचा कारभार यावर चालणार आहे असं वाटलं नव्हतं, हे सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर बांधली. ती २०११ च्या जनगणनेतल्या पावणेबारा लाख लोकांना पुरत नाही, म्हणून कुणी मलिक अंबरला नावं ठेवतं का? काम करणाऱ्याने त्याच्या काळापुरतं उत्तम केलं. पुढची सोय करणं पुढच्यांचं काम.

पण वाटपाचा प्रश्न वेगळा आहे. सुरुवातीला जो आला त्याला घमेलं भरभरून पत्ते मिळाले. अमेरिकेतल्या एमआयटी या एकाच विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. त्यातले बरेचसे त्यांनी २०१७ मध्ये ॲमेझॉनला विकले. आणि आपल्या अख्ख्या देशाच्या वाट्याला आले साधारण साडेतीन-चार कोटी. आपण पंगतीला उशिरा बसलो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं, खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ मध्ये. तोपर्यंत वरचं सगळं वाढून झालं होतं.

३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून टाकले. आशिया-पॅसिफिकचा गठ्ठा सगळ्यात आधी तळाला लागला, १५ एप्रिल २०११ ला. त्यानंतर या भागात रेशनिंग सुरू झालं. एका संस्थेला जास्तीत जास्त १०२४ पत्ते, पुढे तर ५१२. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६ लाख ६६ हजार पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. आकड्यांचा बाजार सुरू झाला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावते. महिन्याला साधारण तीनशे रुपये. चिकलठाण्यात किंवा सिडकोत चार पोरं मिळून काही उभं करत असतील, तर जुन्या पत्त्यांचं भाडं तेही भरतात.

वाड्याचा एकच पत्ता

पत्ते कमी पडले तेव्हा कंपन्यांनी जुगाड काढला. हजारो ग्राहकांना मिळून बाहेर एकच पत्ता. जुन्या वाड्यात चाळीस बिऱ्हाडं, पण टपाल एकाच पत्त्यावर, आणि दाराशी बसलेला माणूस ज्याचं त्याला वाटतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त वाडा दिसतो, बिऱ्हाड दिसत नाही.

यात बिघडलं काय? दोन गोष्टी.

पहिली, तुम्हाला बाहेरून थेट कुणी गाठू शकत नाही. दुकानातला कॅमेरा घरून बघायचा असेल किंवा शेतातल्या पंपाची माहिती मोबाईलवर हवी असेल, तर मध्ये कुणातरी तिसऱ्याचा सर्व्हर लागतो. तुमच्याच दुकानाचं चित्र परक्याच्या दारातून फिरून तुमच्याकडे येतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पत्त्यावरून माणूस शोधला जातो. २००७ चं पुण्याचं प्रकरण आठवा. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याचा माग काढून ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या एका तरुण आयटी अभियंत्याला अटक केली. सुमारे पन्नास दिवस तो तुरुंगात होता. नंतर उघड झालं की तो पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. एका पत्त्यामागे एक ग्राहक असतानासुद्धा नोंदीतल्या चुकीने हे घडलं. आता एका पत्त्यामागे हजारो लोक आहेत. योग्य माणूस ओळखायचा तर पत्ता, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ, तिन्ही लागतात. यातलं एक जरी निसटलं तर वाड्यातल्या कुठल्या बिऱ्हाडाचं दार वाजेल, सांगता येत नाही.

नवा पत्ता आला, पण जुना गेला नाही

उपाय कधीच तयार होता. आयपीव्ही६ ची पहिली व्याख्या डिसेंबर १९९५ ची, सुधारित डिसेंबर १९९८ ची. (पाच नंबर कुठे गेला? तो एका प्रायोगिक पद्धतीला आधीच दिलेला होता, म्हणून थेट सहा.) पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. प्रत्येक घराला, प्रत्येक पंपाला, प्रत्येक मीटरला स्वतःचा पत्ता देऊनही ते संपत नाहीत.

अडचण एकच. नवी भाषा जुनीला थेट कळत नाही. आणि १९८३ सारखा एका रात्रीत बदल करायला आता कुणी मालक नव्हता. म्हणून ठरलं की दोन्ही शेजारी-शेजारी चालवू, नवं वाढेल तसं जुनं आपोआप गळून पडेल.

नाव आणि पत्ता यातला फरक समजायला आपलंच शहर बघा. २०२३ मध्ये औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. पण ४३१००१ हा पिनकोड तोच राहिला. पिनकोडची ही पद्धत आणली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा कवी, १५ ऑगस्ट १९७२ ला. पाकिटावर कुठलंही नाव असो, आकडा बरोबर असला की पत्र शहरात पोचतं. इंटरनेटवरही तसंच. आपण नाव टाकतो, यंत्र त्या नावाचा आकडा शोधतं आणि त्या आकड्यावर जातं. आयपीव्ही६ मध्ये हा आकडाच बदलतो. नाव तेच, पिनकोड नवा. म्हणून सामान्य माणसाला काही दिसत नाही, आणि ज्याने कुठेतरी जुना आकडा पक्का लिहून ठेवलाय त्याचंच अडतं.

दोन्ही लाईनी शेजारी चालवण्यात एक फसवणूक दडलेली आहे. तुमचा ब्राउझर आधी नव्या रस्त्याने जाऊन बघतो. पाव सेकंदाच्या आसपास उत्तर आलं नाही, तर गुपचूप जुन्या रस्त्याने जातो. ही युक्ती २०१२ मध्ये अधिकृतपणे लिहिली गेली आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. पण त्यामुळे नवी लाईन फुटलेली असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. साइट उघडते. अधिकारी म्हणतो, आमच्याकडे आयपीव्ही६ आहे. कागदावर असतं. पाणी जुन्याच लाईनचं.

मग पुन्हा व्हॉल्व्ह बंद करायची वेळ आली

मार्च २००८, फिलाडेल्फिया. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची सभा. ज्या लोकांनी आयपीव्ही६ लिहिलं, तेच सभागृहात बसलेले. तिथे तासभर आयपीव्ही४ बंद केलं. त्याच सुमारास गूगलने फक्त आयपीव्ही६ वर उघडणारा आपला पत्ता सुरू केला. बाकी वेबचा मोठा भाग अंधारात होता. दहा वर्षं आधी लिहिलेली गोष्ट लिहिणाऱ्यांनाच वापरता येत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्या एका तासाने जे दाखवलं ते कुठल्याच अहवालाने दाखवलं नव्हतं.

पुढे फिनलंडमध्ये एरिक्सनच्या दोन संशोधकांनी, यारी आर्को आणि आरी केरानेन यांनी, घरी आणि ऑफिसात रोजचं काम फक्त आयपीव्ही६ च्या जाळ्यावर करून बघितलं आणि एप्रिल २०१२ मध्ये अनुभव लिहून काढला. मध्ये दुभाषा बसवला, म्हणजे नव्या भाषेतून जुन्या भाषेत भाषांतर करणारं यंत्र, तर वेब बहुतेक नीट चालतं. पण काही चॅटची ॲप, काही खेळ आणि स्काईप अडले. ज्या पानांनी नावाऐवजी जुना आकडाच आत लिहून ठेवला होता तीही अडली. म्हणजे दोष जाळ्यात कमी आणि ॲप लिहिणाऱ्याच्या सवयीत जास्त.

ही सवय मोडली ॲपलने. १ जून २०१६ पासून त्यांच्या दुकानात ठेवायच्या प्रत्येक ॲपला फक्त आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चालणं सक्तीचं केलं. चाचणीसाठी मॅकमध्येच तसं छोटं जाळं तयार करायची सोय दिली. चालत नसेल तर ॲप परत. जगभरच्या प्रोग्रामरांनी मुकाट्याने कोड सुधारला. वर्षानुवर्षांच्या परिसंवादांनी जे झालं नाही ते एका अटीने झालं. ब्रसेल्सला दरवर्षी भरणाऱ्या फॉस्डेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यात तर २०१४ पासून मुख्य वाय-फायच फक्त आयपीव्ही६ चं आहे.

आणि आपण?

भारताची गोष्ट खरं तर अभिमानाची आहे, पण अर्धीच. दूरसंचार विभागाने पहिला राष्ट्रीय आराखडा काढला जुलै २०१० मध्ये, दुसरा मार्च २०१३ मध्ये. कागद बरे होते, गती बेताची होती. खरा धक्का बसला ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं तेव्हा. करोडो ग्राहक घ्यायचे आणि बाजारात जुने पत्ते तर शिल्लक नाहीत. म्हणून नव्या पत्त्यांवरच जाळं उभं केलं आणि जुन्यासाठी दुभाषा ठेवला. मग बाकीच्यांनाही यावं लागलं. आज भारतातले सत्तर टक्क्यांहून अधिक वापरकर्ते गूगलपर्यंत आयपीव्ही६ वरून पोचतात, जगाची सरासरी निम्म्याच्या आसपास आहे. ज्या देशाला पंगतीत शेवटी वाढलं, तो नव्या पंगतीत पहिल्या रांगेत बसला.

पण हे झालं नळाच्या बाजूचं. टाकीच्या बाजूचं काय? २०१३ च्या आराखड्यात सरकारी खात्यांना मुदत होती डिसेंबर २०१७. ती सरकत सरकत नोव्हेंबर २०२१ मध्ये नवी तारीख आली, ३० जून २०२२. घरगुती वायरच्या नव्या जोडण्यांसाठी डिसेंबर २०२२ अखेरची मुदत. तारखा आल्या, गेल्या.

याचा आपल्याशी संबंध सांगतो. सिल्लोड किंवा पैठणच्या एखाद्या मुलीच्या मोबाईलला नवा पत्ता आहे. तिला अर्ज भरायचाय, आणि अर्जाची साइट जुन्याच पत्त्यावर आहे. मध्ये कंपनीचा दुभाषा. एरवी चालून जातं. पण शेवटच्या तारखेला त्या दुभाष्यामागून एकाच वेळी हजारो मुलं येतात. साइटच्या सुरक्षा यंत्रणेला ती सगळी एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. यंत्रणेला वाटतं हल्ला झाला, आणि ती दार लावते. मुलगी म्हणते नेटवर्क खराब. कंपनी म्हणते साइट खराब. साइटवाले म्हणतात आमच्याकडे सगळं सुरू आहे. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि अर्ज राहून जातो. साइटला नवा पत्ता असता तर मध्ये दुभाषा लागलाच नसता.

आणि हे शहर यात मागे राहावं असं काही नाही. वाळूजला स्टरलाइटच्या कारखान्यात ऑप्टिकल फायबर बनतं, त्यासाठीची काच शेंद्र्याला बनते. इंटरनेट ज्या धाग्यातून वाहतं तो धागा आपण ओढतो. स्मार्ट सिटी झाली, चौकाचौकात कॅमेरे लागले, ऑरिकसारखी औद्योगिक वसाहत उभी राहिली. प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक मीटर, प्रत्येक सेन्सर हे एकेक बिऱ्हाड आहे आणि त्याला पत्ता लागतो. ही यंत्रं एकदा बसली की दहा-पंधरा वर्षं हलत नाहीत. आज जुन्या पत्त्यावर बसवली तर उद्या बदलण्याचा खर्च आपल्याच घरपट्टीतून.

म्हणून मागणी छोटी आहे, फुकटातली आहे.

एक, महापालिका, स्मार्ट सिटी, विद्यापीठ, जिल्हा परिषद, ज्या कुणाचं डिजिटल कामाचं टेंडर निघेल त्यात एक ओळ घाला. आयपीव्ही४ पूर्ण बंद असलेल्या जाळ्यावर ही सेवा चालवून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. 'आयपीव्ही६ सक्षम' हा शब्द नको. सक्षम तर सगळेच असतात. चालवून दाखवा. अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या खात्यांना हेच सांगितलं की २०२५ च्या आर्थिक वर्षाअखेर ८० टक्के यंत्रणा फक्त आयपीव्ही६ वर असली पाहिजे. दोन्ही ठेवा असं नाही, फक्त नवं.

दोन, शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी वर्षातून एकदा तासभर लॅबमधलं आयपीव्ही४ बंद करावं. पोरांना एकच काम द्यावं, काय काय बंद पडलं त्याची यादी करा. सरकारी साइट, बँका, कॉलेजची स्वतःची साइट. ती यादी जाहीर करा. कुणावर आरोप नाही, नुसती यादी. फिलाडेल्फियाच्या त्या तासाइतकंच काम होईल.

तीन, तुम्ही स्वतः. मोबाईलचं वाय-फाय बंद करा, डेटा चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये गूगलच्या नावाआधी आयपीव्ही६ आणि टिंब टाकून इंग्रजीत पत्ता लिहा. हा पत्ता फक्त नव्या रस्त्यानेच उघडतो. आता डेटा बंद, घरचं वाय-फाय चालू, आणि पुन्हा तेच. मोबाईलवर उघडलं आणि घरी नाही, तर समजा तुमची घरची लाईन अजून जुनीच आहे. कनेक्शन देणाऱ्याला फोन करा आणि नवा पत्ता मागा. कधी कधी राउटरमधलं एक बटण दाबलं की काम होतं, कुणी दाबलेलं नसतं इतकंच.

तुमच्याकडे काय निकाल आला ते कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त भाग लिहा. सिडको, गारखेडा, पडेगाव, सातारा परिसर, कुठलाही. शंभर जणांनी लिहिलं तरी शहराचा एक नकाशा तयार होईल, आणि तो घेऊन विचारायला जाता येईल.